सरकार कशासाठीं?

'सरकार नसतें तर काय बिघडलें असतें?' असा प्रश्न आम्हीं चिंचपाड्यास वर्गांत घातला, तेव्हां पुष्कळांनीं चोर-दरोडेखोरांचें नांव घेतलें. उत्तर खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. जेथें एकही चोर नाहीं, अशा गांवासही सरकार लागतें. याचा दाखला आपल्याच नवापूर तालुक्यांत सांपडतो.

2006 सालच्या आरंभीं नवापूरच्या पोल्ट्रींमध्यें कोंबड्या भराभर मरूं लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेंत तपासणी होऊन 18 फेब्रुवारीस हा रोग बर्ड फ्लू असल्याचें जाहीर झालें. भारतांतील हा त्याचा पहिलाच प्रादुर्भाव. तो रोखावयाचा तर ठरविलेल्या टापूंतील सर्व कोंबड्या, निरोगी दिसल्या तरी, मारून पुरणें भाग होतें. अशा लाखों कोंबड्या नष्ट करण्यांत आल्या.

आतां विचार करा. घरच्या पांच निरोगी कोंबड्या आपण होऊन कोण मारील? शेजाऱ्यानें मारल्या व आम्हीं लपविल्या, तर त्याचा त्याग व्यर्थ. दोघांनींही लपविल्या, तर सारा गांव धोक्यांत. यांत दुष्ट कोणीच नाहीं. जो तो आपलें घर पाहतो, आणि तेवढ्यानेंच सर्वांचा घात होतो. म्हणून सर्वांस सारखा लागू होणारा निर्णय घेणारी व तो अमलांत आणणारी सत्ता हवी. मात्र सर्वांच्या हितासाठीं ज्याचें नुकसान झालें, त्याची भरपाईही सर्वांच्या तिजोरींतून झाली पाहिजे. नवापुरास ती देण्यांत आली.

"मग गांवानें नुसतें ऐकावयाचें काय?" एका मुलीनें विचारलें. प्रश्न मोलाचा होता. सांथीच्या वेळीं जाणत्यांचा तांतडीचा हुकूम लागतो. परंतु पाणी, वन, रस्ता यांविषयीं गांवानेंच बसून ठरविणें बरें. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस 1996 च्या 'पेसा' कायद्यानें तसे अधिकार दिले आहेत, आणि आपला तालुका त्याच क्षेत्रांत येतो. ग्रामसभा म्हणजे चार पंचांची बैठक नव्हे. मतदारयादींत नांव असलेल्या प्रत्येकाची ती सभा होय. गडचिरोलीकडील मेंढा (लेखा) या गांवीं तर बहुमतावर न थांबतां सर्वांचें एकमत होईपर्यंत चर्चा करण्याचा प्रघात पडला आहे. यास वेळ लागतो खरा. परंतु ज्याचें म्हणणें ऐकून घेतलें, तो ठराव आपलाच मानून पाळतो.

अभ्यास: येत्या ग्रामसभेस आईवडिलांसमवेत जाऊन मागें बसा. कोण काय बोललें, तें लिहूं नका; कोण बोललेंच नाहीं, आणि कां, एवढेंच टिपून आणा.