संगणकातील नोंदींची राखण

पूर्वी रुग्णालयाच्या नोंदवहीत केसपेपरचा क्रमांक, नाव, गाव व दिलेले औषध एवढेच असे आणि ती वही रात्री कपाटात कुलूपबंद होत असे. आता ही सारी माहिती संगणकात आहे. देणगीदारांचे पॅन क्रमांक व पावत्याही तेथेच. मिरजगावच्या बाजारपेठेतील औषध दुकाने, कृषी सेवा केंद्रे यांचेही हिशेब हळूहळू संगणकावर आले आहेत. "आमच्याकडे चोरण्याजोगे आहे तरी काय?" असे लहान व्यावसायिक विचारतात. खरे सांगावयाचे तर, काही काळ आमचाही हाच समज होता.

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. एटीएममधून रक्कम मागितली की खात्यात शिल्लक आहे काय, हे बँकेच्या मुख्य यंत्रणेस विचारले जाते. चोरट्यांनी मधेच बनावट यंत्रणा उभी केली आणि तीच परस्पर होकार देत राहिली. २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळते झाले. एकूण हानी ९४ कोटींच्या घरात गेली. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेची ही कथा.

आम्हांस अधिक जवळचे उदाहरण दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे वाटते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील सर्व्हरवरील माहितीला हल्लेखोरांनी जणू कुलूप घातले. रुग्णनोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले ही कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकांचे हाल आम्ही कल्पू शकतो. पुढे ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून.

म्हणून राखीव प्रतीचा आमचा आग्रह आहे. मात्र प्रत घेतलेली डिस्क संगणकाला जोडून ठेवू नये. जोडलेली राहिल्यास तिलाही तेच कुलूप बसते. अधूनमधून त्या प्रतीवरून एखादी नोंद उघडून पाहावी, नाहीतर ऐन वेळी डिस्क कोरी निघावयाची! संगणकाची अद्ययावत दुरुस्तीही लांबणीवर टाकू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने इंग्लंडमधील रुग्णालये अडविली, तेव्हा त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेली होती. एकच पासवर्ड सर्व कर्मचाऱ्यांत वाटण्याची सवयही सोडावी.

लहान व्यवसायास खरा धोका पुष्कळदा साध्या निरोपातून येतो. "आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी," असा ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने ई-मेल आल्यास, आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे. ई-मेलमधील क्रमांकावर नव्हे. रक्कम गेलीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वेळ दवडल्यास ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

रुग्णालयाच्या नावाने नव्या खात्यात देणगी मागणारा संदेश आपणांस आल्यास, कृपया पैसे पाठविण्यापूर्वी जुन्या पावतीवरील क्रमांकावर आमच्या कार्यालयाशी बोलावे.