मोतीबिंदू आणि मानसिक आजाराच्या गोळ्या

हर्सूलच्या माझ्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ मुलाबरोबर आले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्तदाब आणि साखर तपासायची होती. ‘‘आणखी काही गोळ्या चालू आहेत का?’’ मुलगा ‘‘नाही’’ म्हणाला. वडील बाहेर जाताच मात्र हळूच बोलला, ‘‘डॉक्टरसाहेब, बारा वर्षांपासून रिस्पेरिडोन चालू आहे. पण तिथे सांगायला नको, लोक वेडा म्हणतील. आठवडाभर बंद ठेवू का?’’

लपवणे आणि परस्पर बंद करणे, दोन्ही घातक आहे.

मोतीबिंदू काढताना डोळ्याची बाहुली थेंब घालून मोठी करावी लागते. रिस्पेरिडोन, क्लोरप्रोमाझिन, क्वेटियापिन यांसारखी औषधे बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूवरही परिणाम करतात. त्यामुळे काही रुग्णांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, शस्त्रक्रिया चालू असताना फडफडतो, छेदातून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली आकसते. मोतीबिंदूमागचे नाजूक आवरण फाटण्याचा धोका मग वाढतो. अमेरिकेतील डॉ. चँग व डॉ. कॅम्पबेल यांनी २००५ साली हा प्रकार प्रथम वर्णन केला, तो प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिन या गोळीमुळे. पुढे मानसिक आजाराच्या काही औषधांनीही तो होतो असे आढळले.

गोळी थोडे दिवस बंद करून हा धोका टळेलच असे नाही. उलट मूळ आजार उसळण्याची भीती असते. नेत्रतज्ज्ञाला आधी कळले, तर तो तयारीत राहतो. डोळ्याच्या आत औषध सोडून किंवा बारीक आकडे लावून बाहुली उघडी ठेवता येते.

म्हणून एवढे करा :

१) चालू असलेल्या आणि पूर्वी घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे व चिठ्ठ्या नेत्रतज्ज्ञाला दाखवा. शिबिरात शस्त्रक्रिया असली तरीही.

२) मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका.

३) चारचौघांत संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांना एकटे गाठून सांगा किंवा चिठ्ठी लिहून द्या.

त्या गृहस्थांना मी तशीच चिठ्ठी दिली. शस्त्रक्रियेत बाहुली आकसलीच. पण आकडे तयार होते. आता ते रोज वर्तमानपत्र वाचतात, आणि गोळीही वेळेवर घेतात. मानसिक आजार हा मधुमेहासारखाच आजार आहे. साखरेची गोळी आपण लपवत नाही, मग हीच का लपवावी?