कॉलेजचे फुटबॉल आणि आपले फीचे बिल

मध्यंतरी घरातले जुने कागद आवरताना माझ्या एम.एस.च्या वर्षांतली फीची बिले हाती लागली. ट्यूशन, आरोग्य विमा, प्रयोगशाळा अशा रकमांच्या खाली एक ओळ होती, 'अ‍ॅथलेटिक फी'. दर सेमिस्टरला न चुकता भरलेली. त्या दोन वर्षांत मी स्टेडियमची पायरीसुद्धा चढलो नव्हतो. सामन्याच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. पैसे अर्थात शैक्षणिक कर्जाचे, म्हणजे त्यावर व्याजही भरले. विद्यापीठाचे नाव घेत नाही. अशी ओळ कितीतरी ठिकाणच्या बिलात असते, आणि बिल नीट न वाचण्याचा दोष माझाच.

ही आठवण आत्ताच काढायला कारण घडले. आमच्या मंडळातल्या एका कुटुंबातली मुलगी अकरावीत आहे. पोहण्यात चांगली आहे आणि दोन विद्यापीठांच्या कोचनी तिची चौकशी केली आहे. तिचे वडील गणपतीच्या कार्यक्रमात मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, यातलं एक कॉलेज आता मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलंय म्हणे. म्हणजे चांगलंच ना? तू कॉम्प्युटरवाला, जरा आकडे बघून सांग." मी आकडे बघितले. ते सर्वांच्याच उपयोगाचे वाटले म्हणून हा लेख.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे आपल्याला सहकारी साखर कारखान्यावरून चटकन कळेल. आठ-दहा किंवा अठरा विद्यापीठे एकत्र येतात, आपसांत सामने खेळतात आणि सामन्यांचे टीव्हीचे हक्क एकत्रितपणे विकतात. आलेले पैसे सभासदांत वाटले जातात. शेतकरी आपला ऊस जसा एका कारखान्याकडे नोंदवतो, तसे प्रत्येक विद्यापीठ आपले हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून देते. याला 'ग्रँट ऑफ राइट्स' म्हणतात. मुदतीच्या आत सभासद फुटला तरी ऊस, म्हणजे सामन्याचे हक्क, कारखान्याकडेच राहतात. म्हणून फुटाफुटीचा मोसम बहुधा करार संपत आला की सुरू होतो.

पूर्वी असे नव्हते. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएए या देशव्यापी संस्थेच्या ताब्यात होते. कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर येता येत नसे. स्टेडियमची तिकिटे विकली जावीत, असा युक्तिवाद. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला आणि जून १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडली. (विरोधात गेलेल्या दोघांपैकी न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कॉलेजात फुटबॉल गाजवलेले!) आपल्याकडे १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालच्या क्रिकेट संघटनेत भांडण झाले आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी मक्तेदारी मोडली, ते आठवत असेल. त्यानंतर क्रिकेटमध्ये पैशाचे जे झाले, तेच इथे दहा वर्षे आधी सुरू झाले.

पुढच्या टप्प्यात पैसा केबलचा होता. २००७ मध्ये 'बिग टेन'ने फॉक्सबरोबर स्वतःचे चॅनेल काढले. ज्या राज्यात कॉन्फरन्सचे विद्यापीठ आहे, तिथल्या केबल ग्राहकामागे चॅनेलला जास्त दर मिळतो. ग्राहक सामना बघतो की नाही, हा प्रश्न येत नाही. २०१४ मध्ये मेरीलँड आणि न्यू जर्सीचे रटगर्स या कॉन्फरन्समध्ये आले, त्यामागे वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क परिसरातली लाखो केबल जोडणी असलेली घरे होती. थोडक्यात, एडिसनमध्ये बसून मराठी मालिका आणि क्रिकेट बघणाऱ्या आपल्या कुटुंबांनीही केबलच्या बिलातून बिग टेनला हातभार लावला. आपल्याला कोणी विचारले नाही एवढेच.

आता लोक केबल सोडत आहेत, त्यामुळे घरे मोजण्यापेक्षा शनिवारी कोणत्या सामन्याला किती प्रेक्षक बसतात याला भाव आला. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला. रक्कम ७०० कोटी डॉलरच्या वर. त्याआधीच, ३० जून २०२२ रोजी, लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी आपण बिग टेनमध्ये जाणार असे जाहीर केले होते. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तीन वर्षांची तूट १० कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्यामुळे हा निर्णय खेळापेक्षा खतावणीचा होता, असे माझे मत आहे.

ही दोन विद्यापीठे गेली आणि पश्चिम किनाऱ्याच्या 'पॅक-१२' कॉन्फरन्सची लॉस एंजेलिसची बाजारपेठच गेली. मूळ १९१५ सालची ही संस्था पुढच्या वर्षभरात मोडली. कशी मोडली, हे वाटाघाटी करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळच्या बातम्यांनुसार २०२२ च्या शरद ऋतूत ईएसपीएनने प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले. पॅक-१२ ने ५ कोटी मागितले. ईएसपीएन उठून गेले. इकडे 'बिग ट्वेल्व्ह'चे नवे कमिशनर ब्रेट यॉरमार्क यांनी स्वतःचा करार संपायला बराच अवकाश असतानाच बोलणी उघडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन व फॉक्सकडून सहा वर्षांचे २२८ कोटी डॉलर पक्के केले. म्हणजे विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी १७ लाखांच्या आसपास. पॅक-१२ ने नाकारलेल्या आकड्याच्या जवळपासच! वाहिन्यांच्या तिजोरीतही पैसा मोजकाच असतो. जो आधी टेबलाशी बसला, तो घेऊन गेला.

उरलेल्या पॅक-१२ च्या हाती शेवटी अ‍ॅपलचा प्रस्ताव आला. त्यात हमीची रक्कम कमी आणि किती लोक वर्गणी भरून सामने बघतात यावर पुढची वाढ. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पगार कमी आणि शेअर जास्त अशी नोकरी असते, तसे. तरुण एकट्याला ते परवडते. स्टेडियमचे हप्ते फेडणाऱ्याला परवडत नाही. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडोने बिग ट्वेल्व्हचा रस्ता धरला. ४ ऑगस्टला सकाळी उरलेले नऊ सभासद सह्या करतील अशी आशा होती. त्याच दिवशी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले आणि अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट, युटा बिग ट्वेल्व्हकडे. सप्टेंबरमध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये दाखल झाले. कॅलिफोर्निया अटलांटिक किनाऱ्यावर! आमच्या भूगोलाच्या बाईंनी कान पिळला असता. तेही पूर्ण वाट्याने नाही, पहिली काही वर्षे सुमारे ३० टक्क्यांवर. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षे टीव्हीच्या पैशाचा वाटाच न घेण्याचे कबूल केले.

मागे राहिले ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. संघ वाईट नव्हते, पण गाव लहान आणि प्रेक्षक कमी. त्यांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सच्या मंडळाचा ताबा मिळवला आणि नवे सभासद जमवले. पण जुन्या करारासारखे पैसे आता नाहीत.

इथपर्यंतची कथा फुटबॉलची. घरोघरी तिचा संबंध कुठे येतो, ते आता बघू.

पहिले, पोहणे, टेनिस, जिम्नॅस्टिक्स यांना टीव्हीचे पैसे जवळजवळ मिळत नाहीत, पण प्रवास त्यांनाही करावा लागतो. २०२४ पासून बिग टेनमध्ये अठरा सभासद आहेत (नाव अजूनही 'टेन'), न्यू जर्सीपासून सिअ‍ॅटलपर्यंत. फुटबॉलचा संघ शनिवारी एक सामना खेळतो आणि परत येतो. बाकीच्या काही खेळांचा मोसम आठवड्याच्या मधल्या दिवसांतही चालतो. तीन तासांच्या वेळेच्या फरकाने रात्री उशिरा परतायचे आणि सकाळी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा द्यायची, असे प्रसंग येतात. मुलीला पुढे डॉक्टर व्हायचे असेल तर कोचला पहिला प्रश्न याचा विचारावा. गेल्या वर्षी वर्गाचे किती दिवस बुडाले? सरावाच्या वेळेशी लॅब जुळते का?

दुसरे, ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई ठरली. शिवाय जे विद्यापीठ या व्यवस्थेत सामील होईल, त्याला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतात. २०२५-२६ साठी ही कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. त्यातले बहुतेक फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातात. खेळाडूंना पैसे मिळाले, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या घामावर इतरांनी बरीच वर्षे घरे बांधली. पण टीव्हीचे करार त्या दिवशी वाढले नाहीत. मग पैसे कुठून तरी यायला हवेत, आणि लहान खेळांवर कात्री चालते. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये पोहण्याचा संघच बंद केला. त्याआधी २०२० मध्ये स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले होते. बराच गदारोळ झाल्यावर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला.

याच तडजोडीने शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची बंधने गेली आणि त्याऐवजी संघात किती जण असावेत याची मर्यादा आली. टेनिसला दहा, फुटबॉलला १०५. पूर्वी शिष्यवृत्तीशिवाय संघात राहून हळूहळू वर येणारी मुले असत. आपली बरीच मुले त्या गटातली. ती जागा आता आकसली आहे. आयव्ही लीग मात्र या व्यवस्थेत सामील झाली नाही. तिथे खेळाची शिष्यवृत्ती पूर्वीही नव्हती, आताही नाही, फक्त गरजेप्रमाणे मदत.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट जपावी. मूल एच-४ किंवा एफ-१ वर असेल तर खेळासाठी किंवा जाहिरातीसाठी मिळणारे पैसे 'काम' धरले जाऊ शकतात. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. नागरिक मुलांसाठीही ते करपात्र उत्पन्न आहे. शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्या-जेवण्यासाठी जातो, त्यावरही कर बसतो. ५२९ खात्यात पैसे साठवले असतील आणि शिष्यवृत्ती मिळाली, तर तेवढी रक्कम १० टक्के दंड न भरता काढता येते. वाढीवरचा कर मात्र द्यावा लागतो.

तिसरे, आपले फीचे बिल. ओहायो स्टेटसारखी मोजकी विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या फीशिवाय क्रीडा विभाग चालवतात. टीव्हीचे पैसे तुटपुंजे असलेल्या शेकडो विद्यापीठांत खड्डा विद्यार्थी आणि विद्यापीठ मिळून भरतात. मोठ्या कॉन्फरन्सचे नाव म्हणजे हमी नव्हे. रटगर्स २०१४ पासून बिग टेनमध्ये आहे, तरी तिथे खर्च उत्पन्नाच्या पुढे जात राहिला आणि विद्यार्थ्यांची फी, विद्यापीठाची मदत व कर्ज यांनी तो भागवला गेला. ही फी दरवेळी स्वतःच्या नावाने येत नाही. कुठे ती 'स्टुडंट फी'त, कुठे 'कॉम्प्रिहेन्सिव्ह फी'त लपलेली असते. सरकारी विद्यापीठांचे आकडे नाइट-न्यूहाउसच्या माहितीसाठ्यात फुकट बघायला मिळतात. तिथे 'विद्यार्थ्यांची फी' आणि 'विद्यापीठाची मदत' हे दोन रकाने बघावेत. खासगी विद्यापीठांचे आकडे त्यात नसतात. तिथे विचारावेच लागते.

आम्ही त्या मुलीच्या दोन्ही विद्यापीठांचे आकडे एका कागदावर मांडले. जे 'मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलेले', तिथे फीचा रकाना दरवर्षी फुगत होता आणि पोहण्याच्या संघाचा प्रवास जवळपास दुप्पट झाला होता. दुसरे विद्यापीठ लहान, पण तिथल्या कोचने तिच्या प्रश्नांना दोन पानी उत्तर पाठवले. त्यात संघाचे बजेट किती वर्षांसाठी मंजूर आहे तेही होते. पहिल्या कोचने फोनवर भेटू म्हटले आहे. येत्या सुट्टीत तिघेही दोन्हीकडे जाऊन येणार आहेत.

तिच्या आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एकच विचारले, "मुलगी पोहणार नसेल, नुसतीच शिकणार असेल, तर ती ओळ खोडून उरलेली रक्कम भरली तर चालते का हो?" मी चौकशी केली. चालत नाही. फी सक्तीची असते.