भय, लाज आणि भीड

परभाषेंतील ग्रंथ आपल्या भाषेंत आणणें किती कठीण असतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु एखादें माप एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत न्यावयाचें असल्यास तें काम त्याहूनही बिकट होतें. मानसशास्त्रांतील प्रश्नावली हें असेंच एक माप होय.

चारचौघांत बोलणें, जेवणें, परक्या माणसाच्या नजरेस नजर देणें अशा साध्या गोष्टींचें कित्येकांस इतकें भय वाटतें कीं, ते त्या टाळूं लागतात. आणि त्यामुळें शिक्षण व चरितार्थ या दोहोंस बाध येतो. हें भय मोजण्यासाठीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मायकेल लीबोविट्झ यांनीं १९८७ सालीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत २४ प्रसंग दिले आहेत. प्रत्येक प्रसंगाचें भय किती वाटतें आणि तो आपण किती टाळतों, या दोन प्रश्नांस ० पासून ३ पर्यंत गुण द्यावयाचे. अशा रीतीनें बेरीज अधिकांत अधिक १४४ होते.

आतां हें माप इंडोनेशियांतील प्रौढ माणसांसाठीं तयार करावयाचें आहे, असें समजूं. त्या देशांत सातशेंहून अधिक भाषा बोलल्या जातात. मलायी भाषेपासून घडलेली इंडोनेशियन भाषा १९४५ च्या राज्यघटनेनें राज्यभाषा ठरली; तथापि पुष्कळांची मातृभाषा जावानी, सुंदानी किंवा दुसरीच एखादी असते. म्हणून प्रश्न सर्वांस समजतील असे सोपे, आणि वडीलधाऱ्यांस विचारतां येतील असे आदराचे असावे लागतात.

कामाची रीत सामान्यतः अशी आहे :

(१) दोघांनीं स्वतंत्रपणें भाषांतर करावें व दोन्ही ताडून एक करावें.
(२) मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्यानें त्याचें पुन्हां मूळ भाषेंत भाषांतर करावें.
(३) जाणत्यांच्या समितीनें सर्व प्रती पडताळून पाहाव्या.
(४) तीस-चाळीस लोकांस प्रश्नावली देऊन प्रत्येक प्रश्नाचा त्यांनीं काय अर्थ घेतला, हें विचारावें.

ही चौथी पायरी कोणीं गाळूं नये. शब्द बरोबर उतरले तरी अर्थ निसटूं शकतो. इंडोनेशियन भाषेंतील ‘मालू’ या एका शब्दांत लाजाळूपणा, शरम आणि ओशाळेपणा हीं तिन्ही येतात. जावानी लोक तर याहून बारीक भेद करितात. हिल्ड्रेड गीर्ट्झ या विदुषींनीं १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, जावानी मूल प्रथम ‘वेदी’ म्हणजे भय, मग ‘इसिन’ म्हणजे लाज, आणि शेवटीं ‘सुंगकान’ शिकतें. सुंगकान म्हणजे थोरांपुढें वाटणारा आदरयुक्त संकोच. आमच्या मराठींतील ‘भीड’ हा शब्द त्याच्या पुष्कळ जवळ जातो.

आतां अधिकारी माणसाशीं बोलण्याविषयींचा प्रश्न घ्या. जावानी तरुण तेथें अधिक गुण मांडील, तर तो विकार कीं विनय? इतरांबरोबर पेय घेण्याविषयीं विचारलें असतां एखाद्या मुसलमान गृहस्थाच्या मनांत मद्य येईल. तो तें भयानें नव्हे, धर्मानें टाळील. दुकानांत माल परत करण्याची जेथें वहिवाटच नाहीं, तेथें तो प्रश्न भयाविषयीं कांहींच सांगत नाहीं. अशा ठिकाणीं शब्द नव्हे, प्रसंगच बदलून त्याच तोलाचा दुसरा योजावा लागतो.

यानंतर पुष्कळ लोकांवर परीक्षा करावी. कांहीं दिवसांनीं त्यांचीच उत्तरें पुन्हां घेऊन मेळ पाहावा. आणि किती गुणांपुढें विकार समजावा, ही सीमा त्याच देशांतील रुग्णांच्या तपासणीवरून ठरवावी. ती परदेशांतून आयती आणूं नये.

एवढा खटाटोप कशासाठीं? माप चुकलें तर सुशील मनुष्य रोगी ठरतो, आणि आंतल्या आंत झुरणारा रोगी ‘किती नम्र आहे!’ म्हणून वाखाणला जातो. दुसरी चूक अधिक घातक. कारण अशा मनुष्यास मदत मिळत नाहीं. पालकहो, वर्गांत कधींच हात वर न करणारें मूल आज्ञाधारक आहे कीं भ्यालेलें आहे, हें ठरविण्यापूर्वीं त्याला त्याच्याच भाषेंत, शांतपणें विचारावें, इतकाच बोध आम्हीं यांतून घेतला आहे.