तीच मुलगी, पुढच्या पानावर

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रकार निवडणं हे माझं काम. मागे एकदा एक पोर्टफोलिओ आला, त्यातलं एकेक चित्र फ्रेम करून लावावं असं. पावसातला एसटी स्टँड तर अजून डोळ्यांसमोर आहे. त्या भरात बत्तीस पानांचं पुस्तक दिलं. तिसऱ्या पानावर सहा वर्षांची असलेली नायिका नवव्या पानावर दहा वर्षांची दिसायला लागली. मजकुराला जागा नाही. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रात आजीचा चेहरा नेमका बाइंडिंगमध्ये गेला. हातात कसब होतं, पण एकच माणूस पानापानांतून सांभाळता येतो का, हे त्या पोर्टफोलिओतून कळायला वावच नव्हता. उन्हाळी सुट्टीचं पुस्तक दिवाळीनंतर आलं.

तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. सुंदर सुटी चित्रं भराभर मागे टाकते आणि सलग पानं शोधते. बहुतेकांकडे ती नसतात. काम मिळालं नसेल तर स्वतःच काढा. काऊ-चिऊची गोष्ट घ्या, तिची चार जोडपानं करा, मजकूर टाकून. चिऊ रागावलेली, भिजलेली, पाठमोरी, तरी तीच वाटली पाहिजे. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ समोर ठेवून राधा कशी ओळखू येते ते बघा; नुसत्या फ्रॉकच्या रंगावर ते भागत नाही.

दोन-तीन कृष्णधवल रेखाचित्रं हवीतच. दिवाळी अंकांतल्या कथांना आजही बरेचदा तीच लागतात. दीनानाथ दलालांचं नाव निघालं की लोकांना रंगीत मुखपृष्ठं आठवतात. मला विचाराल तर शिकायचं त्यांच्या कथाचित्रांतल्या रेषेकडून.

फोटोवरून काढलेले नटनट्यांचे चेहरे काढून टाका. कॉलेजचे असाइनमेंटही. दहा-बारा चित्रं पुष्कळ झाली, कारण सगळ्यांत कच्चं चित्रच माझ्या लक्षात राहतं. (हे बरोबर नाही, पण होतं खरं.) स्क्रीनवरचा झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंत मळतो, म्हणून एखादं चित्र छापून बघा आणि छापल्यावर टिकणारे रंगच दाखवा.

कोणी ‘नमुना म्हणून’ आपल्याच गोष्टीची पूर्ण रंगीत चित्रं फुकट मागितली, तर पेन्सिलीचा कच्चा आराखडा द्या; त्यापुढचं काम पैशाचं. हक्क लिहून देताना मुदत घालायला विसरू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

आणि पीडीएफच्या प्रत्येक पानावर नाव-नंबर टाका. आमच्याकडे एक अप्रतिम माकड पडून आहे. फाइलचं नाव ‘फायनल टू’. कोणाचं, ते अजून कळलेलं नाही.