दुसऱ्याचं पात्र दुसऱ्याच्याच हाती

दोघांनी किंवा चौघांनी मिळून एक गोष्ट लिहायची. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. एकाने आपल्या पात्राचं वागणं-बोलणं चार-सहा ओळींत लिहायचं, मग दुसऱ्याने आपल्या पात्राच्या तोंडून त्याला उत्तर द्यायचं. गोष्ट कुठे जाणार हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं. इंटरनेटवर या खेळाला फ्रीफॉर्म रोलप्ले म्हणतात आणि खेळणारे नुसतं ‘आरपी’ म्हणतात. फासे नाहीत, गुण नाहीत, हार-जीत नाही. मी बरीच वर्षं हा खेळ खेळते आहे, आधी इंग्रजीतून, अलीकडे मराठीतूनही. लिहिण्याचा इतका निखळ आनंद मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही. पण हाच खेळ मोडताना आणि त्यात माणसं दुखावताना मी जवळून पाहिली आहेत. म्हणून नव्याने यात शिरणाऱ्यांशी, आणि घरात एखादं मूल रात्री उशिरापर्यंत टाइप करत बसत असेल तर त्याच्या आईवडिलांशीही, थोडं बोलायचं आहे.

या खेळाचं मूळ फाशांच्या खेळात आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. त्यात तलवारीचा वार लागला की चुकला, हे फासा सांगतो. 1978मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा खेळ संगणकावर उभा केला. त्यात सगळं शब्दांतच घडायचं, पण वाराचा हिशेब संगणक ठेवायचा. 1989च्या ‘टायनीमड’मध्ये लढाई मागे पडली आणि माणसं गप्पा मारू लागली, जागा उभारू लागली, सोंगं वठवू लागली. फ्रीफॉर्ममध्ये तर फासाही गेला आणि हिशेबही गेला. मग वार लागला की नाही, हे सांगणार कोण? या खेळातली बहुतेक भांडणं या एका प्रश्नातून निघतात.

मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी सुचेल ते बोलतात, आणि प्रेक्षकांना वाटतं, सगळं पाठ केलेलं आहे. पण रंग लावत असतानाच आख्यान कोणतं, कोण कोणत्या सोंगात, कुठला प्रवेश कशानंतर, हे मंडळींचं आपसात बोलून झालेलं असतं. रंगमंचावर जे उत्स्फूर्त वाटतं, त्याला या आधीच्या बोलण्याचा आधार असतो. इंटरनेटवर नवे खेळाडू नेमकं हेच गाळतात. पात्र घेऊन थेट प्रवेश करतात आणि पडद्यामागे एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत.

ज्या गटात मी हे सर्वात जवळून पाहिलं, तो फार सुंदर गट होता. एका काल्पनिक बेटावरचं बंदर आम्ही मिळून उभं केलं होतं. तिथे मीठ विकणारी बाई होती, जकात घेणारा कारकून होता, जहाजांची डागडुजी करणारे दोघे भाऊ होते. माझं पात्र म्हणजे एक म्हातारा तांडेल, ज्याला खाडीच्या तोंडचे सगळे खडक पाठ होते, पण आपल्या मुलाचं नाव तो कधी तोंडातून काढत नसे. का काढत नसे, ते मी ठरवलेलं होतं आणि हळूहळू उलगडणार होते. मग एक नवा खेळाडू आला. त्याचं पात्र होतं परागंदा राजपुत्र. लिहायचा उत्तम, यात शंका नाही. पण त्याच्या पहिल्याच मोठ्या भागात माझा तांडेल त्याच्या पायाशी गुडघे टेकून रडला, आपण राजाचे जुने हेर आहोत अशी कबुली दिली आणि मुलगा राजपुत्रासाठी लढता लढता मेल्याचंही सांगून मोकळा झाला. यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. कागदावरचा म्हातारा, कागदावरचं रडणं. पण ज्याचं मौन मी कितीतरी संध्याकाळी जपलं होतं, ते कुणीतरी न विचारता फोडून टाकलं होतं. मी गटाच्या चालकांना कळवलं. त्यांना वाद नको होता आणि राजपुत्राचे भाग लोक आवडीने वाचत होते. पुढे कारकुनाला त्याने लाचखोर ठरवलं, दोघा भावांतल्या एकाला बोटीखाली चिरडलं. मीठवाली सर्वात आधी गेली, मग एकेक जण गेला. शेवटी त्या बंदरात राजपुत्र एकटाच लिहीत राहिला, त्याला उत्तर द्यायला कुणी उरलं नाही.

राजपुत्राने जे केलं, त्याला खेळणाऱ्यांच्या भाषेत गॉडमॉडिंग म्हणतात. दुसऱ्याच्या पात्रावर ताबा घेणं असेल, तर काही जण पॉवरप्लेइंग असंही म्हणतात. नाव काहीही असो, त्याने खरंच जखम होते, आणि हे आजचं नाही. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी 1990मध्ये ‘लॅम्डामू’ नावाचं शब्दांतलं जग सुरू केलं होतं. 1993मध्ये तिथल्या एका सदस्याने एका छोट्या प्रोग्रामच्या आधारे इतरांची पात्रं आपल्या मर्जीने नाचवली आणि सगळ्यांसमोर त्यांच्यावर लैंगिक अत्याचार ‘लिहिले’. ज्यांची ती पात्रं होती, ती पडद्यापलीकडची माणसं हादरून गेली. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात त्यावर दीर्घ लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. त्या सदस्याचं खातं अखेर काढून टाकलं गेलं आणि कर्टिस यांनी सदस्यांच्या अर्जांवर मतदानाने निर्णय घेण्याची पद्धत आणली. नियम लिहिण्याची गरज तिथे अशी कळली. माझ्या बंदरात नियम नव्हतेच, म्हणून दाद मागायला जागाही नव्हती.

म्हणून कुठल्याही गटात शिरण्याआधी त्याचे नियम वाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे आधी झालेले दोन-चार मोठे प्रसंग शांतपणे वाचून काढा. भांडण झालं तेव्हा चालक काय बोलले, ते शोधा. जिथे तक्रारीला उत्तरच मिळालेलं नाही, तिथे कितीही देखणं लेखन असलं तरी थांबू नका.

आता प्रत्यक्ष लिहिण्याविषयी. तुम्ही लिहू शकता ते फक्त तुमच्या पात्राचा प्रयत्न. परिणाम समोरचा लिहील. ‘सरदाराने तलवार उपसली आणि वैद्याचा हात छाटला’ हे वाक्य चालणार नाही. ‘सरदाराने तलवार उपसून वैद्याच्या मनगटाच्या रोखाने फिरवली’ हे चालेल, कारण वैद्य मागे सरेल, वार झेलेल की हात गमावेल, हे वैद्य लिहिणाऱ्याच्या हातात राहिलं. आणि तुमच्यावर वार झाला तर दरवेळी निसटू नका. कधीच वार न लागणारं, कधीच न चुकणारं पात्र सोबत्यांना नकोसं होतं. 1973मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या एका अंकात अशा सर्वगुणसंपन्न नायिकेची टर उडवणारी छोटी कथा लिहिली होती. त्या नायिकेच्या नावावरून ‘मेरी स्यू’ हे विशेषण आजही अशा पात्रांना चिकटतं. तुमच्या पात्राला एखादी गोष्ट येत नसू द्या. त्याला कुणाची तरी गरज पडू द्या.

नवशिक्यांचं दुसरं दुखणं याच्या अगदी उलट असतं. ते इतके संकोचतात की समोरच्याला धरायला काही देतच नाहीत. ‘ती खिडकीबाहेर बघत विचार करत राहिली’ असं लिहून भाग संपवला, तर दुसऱ्याने काय करायचं? तिने खिडकीतून कुणाला तरी फाटकाशी उभं पाहिलं, किंवा उघडलेलं पत्र टेबलावर तसंच राहू दिलं, तर सोबत्याला पुढे यायला वाट मिळते. लांबी महत्त्वाची नाही. चार ओळींत वाट देता येते, आणि चार परिच्छेदांत ती बंदही करता येते.

तिसरी गोष्ट, तुम्हाला जे ठाऊक आहे ते तुमच्या पात्राला ठाऊक असेलच असं नाही. कारकुनाने बंद खोलीत कट रचला, तो तुम्ही वाचला, म्हणून तुमचा तांडेल दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारू लागला तर कटाची सगळी मजा गेली. याला मेटागेमिंग म्हणतात.

हे सगळं सांभाळायला एकच साधन आहे, ते म्हणजे गोष्टीबाहेरचं बोलणं. लिहिणारे ते दुहेरी कंसात लिहितात किंवा वेगळ्या खिडकीत बोलतात. मी नव्या सोबत्याशी सुरुवात करण्याआधी न चुकता विचारते: आपण साधारण कसली गोष्ट लिहितो आहोत? किती दिवसांनी उत्तर अपेक्षित आहे? कुठले विषय अजिबात नकोत? कुठले घडले तरी चालतील, पण तपशिलात लिहायचे नाहीत? टेबलाभोवती बसून रोलप्ले खेळणाऱ्यांनी या शेवटच्या दोन प्रश्नांसाठी ‘लाइन्स’ म्हणजे रेषा आणि ‘व्हेल्स’ म्हणजे पडदे असे शब्द रूढ केले आहेत. रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्याच्या लेखनातून ते आले. जॉन स्टाव्हरोपोलोस यांचं ‘एक्स-कार्ड’ त्याच्याही पुढचं आहे. कुणीही ते कार्ड उचललं की चालू प्रसंग तिथेच थांबतो, आणि का थांबवलं हे सांगण्याची सक्ती नसते. लिहून खेळतानाही असा एखादा शब्द ठरवून ठेवता येतो. माझा एक सोबती वडिलांच्या आजारपणातून जात होता. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, रुग्णालय नको. आमच्या गोष्टीत एकही आजारी माणूस आला नाही आणि गोष्टीचं काही अडलं नाही.

आणि खटकलं तर लवकर बोला, साध्या शब्दांत बोला. ‘तुमच्या मागच्या भागात माझ्या पात्राने माफी मागितली आहे. ते मला ठरवायचं होतं. तेवढं बदलाल का?’ एवढं पुरतं. समंजस माणूस लगेच बदलतो. जो वाद घालतो, त्याच्यासोबत पुढे लिहू नका.

आता ज्या गोष्टीची मला सर्वात जास्त काळजी वाटते, तिच्याकडे येते. पात्राच्या भावना लिहिणाऱ्यात झिरपतात आणि लिहिणाऱ्याच्या पात्रात. एमिली केअर बॉस या खेळकर्तीने 2007मध्ये याला ‘ब्लीड’ हे नाव दिलं. थोडं झिरपणं हवंच, त्याशिवाय लेखनात जीव येत नाही. पण दोन पात्रांचं प्रेम महिनोन्महिने लिहिताना त्यामागची दोन माणसं एकमेकांना ओळखतात असं वाटू लागतं, आणि ते खरं नसतं. तुम्ही त्याचं वाक्य ओळखता. त्याचं वय, त्याचं घर, त्याचा हेतू ओळखत नाही. माझ्या ओळखीच्या एका शाळकरी मुलीला तिच्या सोबत्याने आधी पात्राच्या निमित्ताने खासगी निरोप पाठवले, मग पात्र नीट डोळ्यांसमोर यावं म्हणून तिचा फोटो मागितला, मग फोटो मिळाल्यावर धमकावलं. तिने वेळीच मोठ्या बहिणीला सांगितलं म्हणून निभावलं. मुलांनो, फोटो, शाळेचं नाव, फोन नंबर, राहतो ती गल्ली, यातलं काहीही गोष्टीसाठी लागत नाही. जो ते मागतो त्याला गोष्ट नको असते. प्रौढांनीही सोबती अठराच्या आतला असल्याची शंका जरी आली तरी शृंगाराचा प्रसंग तिथेच बंद करावा, यात तडजोड नाही. धमकी आलीच तर निरोप पुसू नका, ते पुरावा असतात. मुलांसाठी 1098 हा मदतीचा क्रमांक आहे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करता येते. आईवडिलांनी अशा वेळी मोबाइल हिसकावून घेऊ नये. तो हिसकावला जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात.

झोपेविषयीही सांगायला हवं, कारण इंग्रजीतून खेळणाऱ्या भारतीयांना हा त्रास हटकून होतो. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. तिकडची मंडळी कामावरून परतून ऐन रंगात येतात ती आपल्या झोपेच्या वेळी. हा खेळ थांबून थांबून खेळण्यासाठीच आहे, उत्तर उद्या दिलं तरी गोष्ट जागची हलत नाही. जो सोबती तासाभरात उत्तर नाही म्हणून रुसतो, त्याच्याशी वेळेचं आधीच ठरवून घ्या.

पहिली गोष्ट दोघांचीच असू द्या. छोटी, एका जागेत घडणारी, शेवट ढोबळपणे ठरलेला असणारी: पावसात अडकलेल्या एसटीतले दोन प्रवासी, किंवा वाडा विकायला आलेली भावंडं. माहितीतल्या जगात लिहिलं की सगळं लक्ष एकमेकांच्या बोलण्याकडे राहतं. भाग आधी आपल्याकडे कागदावर किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण संकेतस्थळं बंद पडतात आणि त्यांच्यासोबत वर्षांचं लेखन जातं. आणि सोडायची वेळ आली, परीक्षा असेल, नोकरी असेल, किंवा नुसता कंटाळा असेल, तर तसं कळवा. कळवल्याशिवाय गायब झालेल्या सोबत्याची लोक आठवडेच्या आठवडे वाट बघतात. तुमच्या पात्राला बोटीवर चढवून द्या, त्याची दूर गावी बदली करा. त्याला मारायचं असेल तरी सोबत्याला आधी विचारा, कारण त्या मरणावर रडायचं काम त्याच्या पात्राला करावं लागणार आहे.