एका दिवसाची मुंबई : पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्यांसाठी

मुंबई आपल्याला नवी नाही. बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे या स्टेशनांवरून रोज पहाटे जी गर्दी गाडीत चढते तिच्यात आपले वडील, काका, शेजारी असतात. आपणही वर्षातून चार-पाच वेळा मुंबईला जातोच. कधी के.ई.एम.मध्ये आजीला दाखवायला, कधी विद्यापीठात एखादा कागद मिळवायला, कधी लग्नाच्या खरेदीसाठी दादरला. काम झाले की तीच धावपळ करत परत. तेव्हा 'मुंबई पाहिली आहे का?' या प्रश्नाला वर्गातील प्रत्येक जण 'हो' म्हणतो, आणि 'काय पाहिले?' असे विचारले की गेट वे आणि राणीची बाग यांच्या पुढे कोणी जात नाही.

मी इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. गेल्या दोन वर्षांत मी चार वेळा मुंबईला कोणतेही काम नसताना गेलो. वडिलांना हे पटले नाही. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतात. "काम नसताना मुंबईला जाणे ही पैसेवाल्यांची गोष्ट," असे त्यांचे मत. त्यांना जे उत्तर द्यायला हवे होते ते तेव्हा सुचले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. एका दिवसात मुंबईत काय पाहावे याच्या याद्या पुष्कळ मिळतात, पण त्या विमानाने येणाऱ्या पाहुण्यांसाठी केलेल्या असतात. आपण शेजारचे आहोत. आपल्यासाठी यादी वेगळी हवी.

आधी वेळेचा हिशेब करू. बोईसरहून चर्चगेटपर्यंत सव्वादोन ते अडीच तास धरावे लागतात. पालघरकरांचे पंधरा-वीस मिनिटे वाचतात. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आली, त्यामुळे थेट चर्चगेटची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर विरारला बदलणे आहेच. म्हणजे जाण्या-येण्यात पाच तास गेले. आमच्या गटातील मुलींच्या घरी दिवेलागणीपर्यंत परतण्याचा दंडक होता, तो पुष्कळ विनवण्यांनंतर रात्री नऊवर आला. हातात उरतात सात तास. या सात तासांत मुंबईतील सर्व काही पाहण्याचा हट्ट धरला तर काहीच पाहून होत नाही. म्हणून मी एक कसोटी लावली : ज्या ठिकाणी आपल्या भागाचा धागा सापडतो तेथे थांबायचे, बाकीचे चालता चालता पाहायचे.

या कसोटीने पहिला मुक्काम ग्रँट रोडला येतो. जलद गाडी तेथे थांबत नाही. दादरला किंवा मुंबई सेंट्रलला उतरून धिमी गाडी धरावी. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून नाना चौकावरून दहा-पंधरा मिनिटे चालले की गवालिया टँकचे मैदान लागते. त्यालाच आता ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. पोरे क्रिकेट खेळत असतात, वृद्ध मंडळी बाकांवर बसलेली असतात. पाहण्यासारखे म्हणाल तर एक स्मारक, एवढेच. पण ८ ऑगस्ट १९४२ रोजी येथे 'चले जाव'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले आणि अरुणा असफ अलींनी याच मैदानावर झेंडा फडकवला. आता आपल्या पालघरची तारीख आठवा. १४ ऑगस्ट १९४२. आसपासच्या गावांतून निघालेले लोक कचेरीवर आले, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. आपल्या हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, दर चौदा ऑगस्टला तेथे श्रद्धांजली वाहतो. या मैदानापासून त्या चौकापर्यंत ठिणगी पोचायला सहा दिवस लागले. ना टेलिव्हिजन, ना घरोघर रेडिओ, आणि पुढारी तुरुंगात. त्या सहा दिवसांत बातमी कोणी आणली, कशी आणली, हा विषय पदवीच्या प्रकल्पाला पुरेल इतका मोठा आहे. सर्व मित्रांना मैदानाच्या मधोमध उभे करून मी हे सांगितले तेव्हा नेहमी थट्टा करणारा आमचा एक गडीही गप्प झाला.

तेथून जवळच लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की येथे उतरत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना येथेच अटक झाली. खाली ग्रंथालय आहे, वर त्यांची खोली. अर्धा तास पुरतो.

पुन्हा ग्रँट रोडला येऊन चर्चगेट गाठावे. ही आपली रेल्वे किती जुनी आहे याचीही येथे आठवण व्हावी. सुरतेकडून आलेली रेल्वेची वाट १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी रोजची गाडी सुरू झाली. चर्चगेट स्टेशनसमोरची घुमटांची भव्य इमारत १८९९ ची, बी.बी.सी.आय. रेल्वेच्या मुख्य कचेरीसाठी बांधलेली. ज्या स्टीव्हन्सने बोरीबंदरचे स्टेशन रचले त्याचीच ही रचना. बोरीबंदर पाहायला परदेशाहून माणसे येतात, आणि हिच्यासमोरून आपण घड्याळाकडे पाहत धावत सुटतो.

चर्चगेट हे नाव ज्या दरवाज्यावरून पडले तो येथे नव्हताच. तो होता आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी. मुंबईचा कोट होता, त्याला तीन दरवाजे होते : अपोलो, बाजार आणि चर्च. शेवटचा सेंट थॉमसच्या देवळाकडे जात असे. या कोटाच्या कथेत वसई येते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याच मोहिमेत त्याआधी तारापूरचा किल्ला पडला होता. ही बातमी ऐकून मुंबईतील इंग्रजांची झोप उडाली आणि कोटाभोवती खंदक खणण्याचे काम निघाले. व्यापाऱ्यांनीही त्यासाठी वर्गणी दिली. पुढे १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तटबंदी पाडली, खंदक बुजला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आजची मुंबई उभी राहिली. फोर्टमध्ये फिरताना कोट दिसत नाही, नाव मात्र उरले आहे. तारापूरच्या तटावर चढलेल्या आपल्या मुलांनी ते नाव नुसते वाचून पुढे जाऊ नये.

ओव्हल मैदान आडवे ओलांडताना मध्ये क्षणभर थांबावे. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. पश्चिमेला गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या, १९३० च्या सुमाराच्या इमारती. दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. पैसा दिला प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने, नाव दिले आपल्या आईचे. आपल्या गुणपत्रिकेवर ज्या विद्यापीठाचे नाव असते त्याची ही वास्तू आहे. आपण तिला फक्त निकालाच्या गोंधळामुळे ओळखतो, हे बरे नव्हे. आत जाऊ देतील की नाही ते त्या त्या दिवसावर असते. ओळखपत्र दाखवून नम्रपणे विचारावे.

पुढे हुतात्मा चौक. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर येथे गोळीबार झाला. पुढील आंदोलनासह १०५ हून अधिक माणसे गेली तेव्हा १ मे १९६० उगवला. मुंबईचा हुतात्मा चौक आणि पालघरचा हुतात्मा चौक, दोन्ही एका दिवसात पाहिलेले विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाबाहेर थोडेच सापडतील.

येथे डबा खावा. ज्यांना चहा हवा असेल त्यांनी शिल्लक राहिलेल्या एखाद्या इराण्याकडे बसावे. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्या फुलवणाऱ्यांत पारशी-इराणी कुटुंबे होती आणि मुंबईच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर चहा-मस्का विकणारेही इराणीच. एकाच देशातून आलेल्या लोकांनी तिकडे वाड्या धरल्या, इकडे गल्ले सांभाळले.

आता दिवसाचा मुख्य भाग. हॉर्निमन सर्कलसमोरच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीत जावे. १८०४ साली स्थापन झालेली ही संस्था; इमारत १८३३ ची. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे येथे येऊन वाचत बसत. आपल्याला विशेष वाटावे ते याचे : १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाला सोपाऱ्याच्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडात उत्खनन केले. आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि मधोमध करंडकात करंडक : तांब्याचा, रुप्याचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. हे सारे एशियाटिकच्या संग्रहात आले. ते प्रत्येक वेळी पाहायला मिळेलच असे नाही. मला दोनदा मिळाले नाही. पण ज्या नाला सोपाऱ्याला आपण फक्त चढण्या-उतरण्याची मारामारी करण्याचे स्टेशन समजतो, त्याच्या पोटातून निघालेले धन या भिंतींच्या आत आहे हे ठाऊक असलेले बरे.

तेथून काळ्या घोड्याच्या चौकातून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. जॉर्ज विटेटने रचलेली ही इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धात तिचे रुग्णालय झाले आणि लोकांना ती खुली झाली ती १९२२ मध्ये. सर्व दालने पाहायची म्हटली तर दिवस पुरणार नाही. थेट सोपाऱ्याचा शिलालेख विचारावा. सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्याला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. लिपी ब्राह्मी, वय सव्वादोन हजार वर्षांहून अधिक. आणि आठव्या लेखाचा विषय काय असावा? प्रवास! पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी यात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधीवृक्षाची यात्रा केली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना दान द्यायचे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून बोलायचे. प्रवास कशासाठी करावा हे सांगणारा लेख आपल्या जिल्ह्यात कोरला गेला होता. वडिलांच्या प्रश्नाला याहून जुने उत्तर मला माहीत नाही.

येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. हे दगड मुंबईत का? १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला जिल्हा वेगळा झाला. मग आपल्या वस्तू आपल्याकडे नकोत का? आमच्या गटात यावर चांगलाच वाद झाला. एकाचे म्हणणे, येथे त्या सुरक्षित आहेत, हजारो लोक पाहतात. दुसरीचे म्हणणे, पाहणाऱ्या हजारांत आपल्या जिल्ह्याचे किती? मला दुसरीचे म्हणणे अधिक पटते. पण वस्तू परत मागण्याआधी त्या पाहून तरी याव्यात.

संग्रहालयाच्या शेजारीच जहांगीर कलादालन आहे. १९५२ पासूनचे, प्रवेश मोफत. याच इमारतीत त्या काळी असलेल्या केमोल्ड गॅलरीत डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांचे प्रदर्शन १९७५ च्या सुमारास भरले. सुवासिनी लग्नात चौक लिहितात ती चित्रे, पांढऱ्या तांदळाच्या पिठाची, झोपडीच्या कुडावरून कागदावर आणि तेथून जगभर गेली. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आज रेल्वे स्टेशनांपासून साड्यांपर्यंत सर्वत्र वारली चित्रे दिसतात. ती काढणाऱ्या पाड्यांवर त्यातले किती पोचते, हे आमच्या वर्गातील वारली मित्राने विचारले. कलादालनातील कोणाकडे त्याचे उत्तर नव्हते.

गेट वे ऑफ इंडिया सर्वांत शेवटी, जाता जाता. ४ डिसेंबर १९२४ रोजी तो खुला झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून निघून गेली. घारापुरीच्या लेण्यांचा मोह येथे आवरावा. होडीने जाऊन येण्यातच अर्धा दिवस मोडतो. तिच्यासाठी वेगळा दिवस काढावा, आणि तो सोमवार नसावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. मरीन ड्राइव्हवर समुद्र पाहायला मात्र मुद्दाम जाऊ नये. केळवे, शिरगाव, चिंचणीच्या मुलांनी मुंबईत समुद्र पाहायचा म्हणजे सातपाटीच्या माणसाने दादरच्या बाजारात पापलेट घेण्यासारखे आहे.

दिवसभर चालल्यावर तहान लागते. मुंबईच्या नळाचे पाणी प्या आणि ते कोठून येते ते आठवा : तानसा १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे आणि आपल्याच मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा २०१४ चे. ज्या मोखाड्यातून हे पाणी येते तेथील बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन किती चालतात ते आपल्यापैकी अनेकांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पाहिले आहे.

परतीसाठी सहाच्या आत चर्चगेटला यावे. सायंकाळच्या गर्दीत विरारच्या गाडीत शिरणे ही स्वतंत्र विद्या आहे. ती नसेल त्यांनी चर्चगेटलाच, गाडी लागताच, जागा धरावी. जवळ ओळखपत्र, डबा, पाण्याची बाटली, वही आणि साध्या चपला असाव्यात. सार्वजनिक सुट्टीचा दिवस टाळावा. गट सहा-सात जणांचाच असावा. चाळीस जणांची सहल नेली की निम्मा वेळ माणसे मोजण्यात जातो. आमचा पुढचा बेत दादर-नायगावचा आहे : १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि त्याआधी पहाटे वसईची फुले उतरतात तो दादरचा फूलबाजार. त्यासाठी पहिली गाडी पकडावी लागेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी इतिहास विभागाच्या फलकाखाली नाव लिहून ठेवावे.